जागच्या जागी फिरणे

‘घाण्याचा बैल’ ही आपल्या भाषेतील एक निष्ठुर उपमा आहे. जो दिवसभर फिरला आणि सायंकाळी होता तिथेच उभा राहिला, त्याच्या श्रमांची किंमत भाषेने शून्य ठरवून टाकली. पदार्थविज्ञान वरवर पाहता या निकालाला दुजोराच देते. जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाच्या एका कडेचा कण जितक्या वेगाने पुढे जातो, तितक्याच वेगाने समोरच्या कडेचा कण मागे येतो. दोघांचे संवेग एकमेकांना पुसून टाकतात आणि बेरीज शून्य उरते. तथापि ऊर्जेचा जमाखर्च निराळा आहे. तिला दिशा नाही. म्हणून तिच्यात वजाबाकी नाही. 1905 साली आइन्स्टाइनने दाखवून दिले, की पदार्थाच्या पोटातील ऊर्जा त्याच्या वस्तुमानातच जमा धरावी लागते. म्हणजे फिरता भोवरा निजलेल्या भोवऱ्याहून जड असतो!

किती जड? मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधील आमच्या बिऱ्हाडात, गॅलरीच्या कोपऱ्यात आईचे जाते आहे. त्याचा वरचा दगड वीस किलोचा, दोन वीत रुंद आणि सेकंदाला एक फेरा घेणारा धरला, तर एका ग्रॅमचे दहा लाख कोटी भाग करून त्यांतील जेमतेम एक भाग त्याच्यात वाढतो. पिठाचा कण यापुढे पर्वतच म्हणावा. तेच जाते फिरते ठेवून धावत्या लोकलमधून नेले, तर फलाटावरून पाहणाऱ्याच्या हिशेबी गाडीच्या दिशेने फिरणाऱ्या अर्ध्या भागात ऊर्जा अधिक भरते आणि दगडाचे ऊर्जाकेंद्र आसावरून रेसभर त्या बाजूला सरकते.

हे सारे फुकाचे कोडे वाटेल. पण आकाशात हाच हिशेब प्रचंड आकड्यांनी मांडलेला आहे. 1054 साली ज्याचा स्फोट दिसला, त्या तारकेचा उरलेला गाभा खेकडा तेजोमेघात सेकंदाला सुमारे तीस फेरे घेतो. नारायणगावजवळ खोडद येथील तीस महाकाय रेडिओ दुर्बिणी अशाच ताऱ्यांची स्पंदने टिपतात. हा तारा रोज अणुमात्र मंदावतो, आणि त्यातून सूर्याच्या तेजाच्या लाखपट ऊर्जा बाहेर पडते. वस्तुमानात सांगायचे, तर दर सेकंदाला अदमासे 50 हजार कोटी टनांची घट! भोवतालचा तेजोमेघ आजही उजळलेला आहे, तो या घटीवरच.

आमच्या आईविषयी एक आप्त तिच्या बाराव्याला म्हणाले, “बिचारीने पाहिले काय? स्वयंपाकघर आणि ओटी.” बोलणे खोटे नव्हते. तिच्या सर्व येरझाऱ्यांची बेरीज केली, तर ती शून्याजवळच येईल. पण आम्ही चार भावंडे शिकलो, दूरदूर पांगलो, ते कशाच्या बळावर? शेवटल्या वर्षांत तिचा फेरा मंदावत गेला, आणि आमच्या घरांतला उजेड मात्र तसाच राहिला. त्या आप्तांनी संवेग मोजला होता. ऊर्जा मोजायची राहून गेली.

घर लहान, माणसे पाच; म्हणून जाते काढून टाकण्याचा विषय अधूनमधून निघतो. द्यायचेच झाले, तर दळणाऱ्यास द्यावे, शोभेसाठी कोणाच्या दिवाणखान्यात मांडावयास देऊ नये, एवढे मी घरात सांगून ठेवले आहे.