पाण्याला विचारून मासे आणा

घरात काचेची पेटी आली, की पहिला प्रश्न ठरलेला. "मासे कोणते आणायचे?" मग घरातला प्रत्येक जण आपापली आवड सांगतो. ताईला सोनेरी हवा, दादाला पट्टेवाला, तर धाकट्याला दुकानातला सगळ्यात मोठा! पण एकाला मात्र कुणीच विचारत नाही. ते म्हणजे आपल्या घरचं पाणी.

मी राहतो बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या चकलांबा गावी. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून गोदावरी वाहते. पण म्हणून इकडे पाणी मुबलक असेल, असं समजू नका. पाऊस रुसला, की विहिरी तळ गाठतात नि टँकरची वाट बघत बसावं लागतं. अशा गावात मी मासे पाळायचं म्हटलं, तेव्हा आई म्हणाली, "माणसाला प्यायला मिळंना, अन् तू माशांची चैन करायला निघालास का रे?"

प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून मी आधी हिशेब मांडला. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. तळाची वाळू नि वरची मोकळी जागा सोडली, तर 45 लिटर. एकदा भरलं, की दर आठवड्याला त्यातलं साधारण पाव हिस्सा, म्हणजे एक बादली पाणी काढायचं नि तेवढंच ताजं घालायचं. काढलेलं पाणी वाया जात नाही. त्यात माशांच्या विष्ठेचं खत असतं. ते अंगणातल्या लिंबाला घातलं, की झाड खूश. तसंही लिंबाला पाणी द्यावंच लागायचं!

आईला हिशेब पटला. पण तिनं अट घातली, "बादली एकच. दुसरी मागायची नाही."

गंमत म्हणजे, या एका बादलीनंच आमचे मासे निवडले. पेटीत जेवढे जास्त मासे नि जेवढे मोठे, तेवढी घाण जास्त, नि तेवढ्या बादल्या जास्त. म्हणजे मासे लहान हवेत, थोडे हवेत, नि आमच्या पाण्यात सुखानं राहणारे हवेत.

आमचं पाणी कसलं? बोअरचं. साबण घासघास घासा, फेस येत नाही. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरते. हे जड पाणी. जमिनीतल्या खडकातले क्षार त्यात उतरलेले असतात. तुमच्या घरीही साबणाची ही परीक्षा करून बघा. पैसे लागत नाहीत नि उत्तर लगेच मिळतं.

माझी पुतणी यादी घेऊनच आली होती. "काका, मला ते निळ्या-लाल रेघेचे चमकणारे मासे पाहिजेत." ते निऑन टेट्रा. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. तिथलं पाणी मऊ, जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं. आमच्या बोअरचं पाणी त्यांना सोसवत नाही.

"मग गोल्डफिश?" गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट वाढला तर वीतभर होतो. खातोही खूप नि घाणही खूप करतो. शिवाय त्याला गार पाणी मानवतं. बीडच्या मे महिन्यात त्याला कुठं ठेवणार?

"बरं, फायटर नि गप्पी एकत्र ठेवू." आता इथं स्वभावाचा प्रश्न आला. फायटर नर दुसऱ्या फायटरला बघून खवळतो. गप्पी नराची रंगीत, झुपकेदार शेपटी बघून त्याला वाटतं, हाही फायटरच! मग तो त्या शेपटीच्या चिंध्या करतो. टायगर बार्बलाही दुसऱ्यांच्या परांचे लचके तोडायची खोड असते. एंजल मासा दिसायला शांत, पण मोठा झाला, की तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो. यात दुष्टपणा काही नाही हं. माशांच्या जगात तोंडात मावलं ते अन्न, इतकाच नियम!

शहरातल्या दुकानदारानं सुचवलं, "हा सकर घेऊन जा. काच साफ ठेवतो." सकर काचेवरचं शेवाळ खातो खरा, पण वाढून फूटभराच्याही वर जातो. मग लोक कंटाळतात नि त्याला नदीत, तलावात सोडून देतात. आपल्या महाराष्ट्रातल्या उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यात हे सकर येऊ लागले. त्यांना बाजारात कुणी विचारत नाही नि त्यांच्या काटेरी अंगानं जाळी मात्र फाटतात. घरातल्या पेटीतली निवड कोळीदादांच्या पोटावर जाते, ती अशी.

मग उरलं कोण? आमच्या गावातलेच गप्पी! "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे वाक्य तुम्ही गावोगावच्या भिंतींवर वाचलं असेल. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खातं ते हौदांत सोडतं. 'गप्पी' या नावाचा गप्पांशी मात्र संबंध नाही बरं का! रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी 1866 च्या सुमाराला त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले. त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. या माशांना जड पाणी चांगलंच मानवतं.

पण गप्पीची मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. पिल्लं थेट पोहतच बाहेर येतात. अशानं एक बादली कशी पुरणार? म्हणून आम्ही हौदातून सहा नर तेवढे आणले. ओळखायला सोपे. नर इंच-सव्वा इंचाचा नि रंगीत, तर मादी त्याच्याहून मोठी, करड्या रंगाची, पोट फुगलेली. हौदातल्या साध्या गप्पींच्या शेपट्याही आखूड असतात. म्हणून त्यांना चपळ शेजारी चालतो.

तो शेजारी म्हणजे झेब्रा मासा. अंगावर निळ्या रेघा, लांबी दीड इंच. हा आपल्या भारतातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ याच माशाचा अभ्यास करतात. तो थव्यानं राहणारा. एकटा ठेवला तर बावरतो, नाहीतर दुसऱ्यांना सतावतो. म्हणून पाच आणले.

सगळे एकदम आणले नाहीत हं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो नि तो विषारी असतो. वाळूत नि गाळणीत वाढणारे उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट नि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच. नायट्रेट मात्र थोडं असेल तर चालतं. लिंबाला आवडतं ते हेच! हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून आधी तीनच गप्पी, नि बाकीचे हळूहळू. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच घालायचं.

खरी परीक्षा मे महिन्यात. पाणी 20 अंशांवर असताना एका लिटरात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांवर तो साडेसातवर येतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पेटी सावलीत ठेवतो, काचेला ओलं गोणपाट गुंडाळतो नि खाणं निम्मं करतो. माठातलं पाणी गार होतं, तीच ही युक्ती.

टँकर उशिरा आला, की बादली अर्धीच मिळते. अकरा लहान मासे तेवढ्यात निभावतात. वीस असते, किंवा एक गोल्डफिश जरी असता, तरी निभावलं नसतं. आई आता स्वतःच चिमूटभर खाणं घालते नि म्हणते, "पाहुणे आपल्या ऐपतीचे आहेत."

एक विनंती. मासे नकोसे झाले, तर नदीत, ओढ्यात किंवा वापरातल्या विहिरीत सोडू नका. गप्पीसुद्धा तिथल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. दुकानात परत द्या, नाहीतर मित्राला द्या.

नि मासे आणायला निघण्याआधी? साबण घ्या, घरच्या पाण्यात हात धुवा, नि फेस येतो का ते बघा. यादी त्यानंतर करा.