अंगावर काढलेले

दुखणे ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वांचाच आहे. खोकला, ताप, गुडघ्यांची कळ पुरुषही अंगावर काढतात. पण आमच्या घरात एक दुखणे असे होते, की ते अंगावर काढणे हाच त्यावरचा एकमेव मान्य उपचार होता. त्याला धड नावही नव्हते. ‘अंगावरून जाते’ एवढेच माजघरात कुजबुजत्या स्वरात म्हटले जाई आणि पुरुषमाणसाची चाहूल लागताच वाक्य अर्ध्यावर थांबे.

माझी आत्या रोज सकाळी तांदळाचे धुवण पीत असे. लहानपणी मी कारण विचारले, तर ती म्हणाली, “उष्णता आहे गं, दुसरं काय?” हा शब्द मोठा सोयीचा होता. उष्णतेत लाज नव्हती, दोष नव्हता आणि डॉक्टरची गरजही नव्हती. आत्याचे आतले कपडे परसातल्या दोरीवर लुगड्याच्या आड, सावलीत, दमटच वाळत. उन्हाचा तेवढा हक्कही तिने कधी मागितला नाही.

१९८६ च्या पावसाळ्यात, पाळी जाऊन दहा वर्षे झाल्यावर, तिच्या अंगावरून रक्तमिश्रित पाणी जाऊ लागले. तिने तेही उष्णतेच्याच खात्यावर मांडले. आम्हाला कळले तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पुष्कळ पुढे गेला होता; पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. तिच्या साध्या विकाराचा कर्करोग झाला होता, असे नव्हे. दोन्ही दुखणी वेगळी होती. परंतु पहिल्याला जन्मभर किरकोळ म्हणण्याची सवय जडल्यामुळे दुसरे दाराशी आले, तेव्हा ते तिला ओळखता आले नाही.

त्या मृत्यूचा धसका मी घेतला आणि अगदी उलट टोकाला गेले. लग्नानंतर इंदूरला राहत असताना थोडी खाज, थोडा ओलावा जाणवला, की मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणी. जंतुनाशक पाण्याने आतपर्यंत धूत असे. चार दिवस बरे वाटे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासले, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि म्हणाल्या, “तुम्हाला औषध नको आहे. धुणं तेवढं बंद करा.”

मग त्यांनी कागदावर आकृती काढून जे सांगितले, ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रथमच कळत होते. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू असतात. ते तिथले वातावरण आम्ल राखतात. त्याचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो. मी आतून धुऊन हीच राखण मोडीत काढीत होते. स्राव तर निरोगी स्त्रीलाही असतो आणि पाळीच्या चक्राबरोबर तो बदलतो. जिवाणूंचा समतोल ढळला, तर पातळ, करडा, माशासारख्या वासाचा स्राव येतो. तो समतोल पुष्कळदा आपोआप सावरतो, त्रास असला तर औषध द्यावे लागते. कॅन्डिडा बुरशीने दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज येते. पण कसलाही त्रास नसलेल्या स्त्रीच्या नमुन्यात ती नुसती दिसली, म्हणून उपचार करीत नाहीत. ट्रायकोमोनासच्या संसर्गात मात्र औषध हवेच, तेही पती-पत्नी दोघांना. आणि गर्भारपण, ताप, ओटीपोटात दुखणे किंवा रक्त यांपैकी काहीही असेल, तर वाट पाहायची नाही. या शेवटच्या शब्दापाशी मला आत्या आठवली.

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो मी पुढे वाचला. दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता; पूर्वी तपासणी आणि उपचार लाभले होते केवळ ८ टक्क्यांना. ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. त्या आकड्यांत मला आत्याचे माजघर दिसले. उलटपक्षी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी आणि खिन्नतेशी अधिक घट्ट आढळले. म्हणजे गप्प राहणारी प्रत्येक जण निरोगी नसते आणि तक्रार करणारीला दरवेळी जंतूच छळत असतात असेही नाही. कुणाला गोळी हवी असते, कुणाला जवळ बसून “तुझं काय चाललंय?” असे विचारणारे माणूस.

तेव्हा सौम्य संसर्गाला उपचार हवा का, या प्रश्नाला माझ्यापाशी एकच एक उत्तर नाही. कित्येकदा नको असतो. पण ‘सौम्य’ हा निर्णय लाजेने द्यायचा नसतो, भीतीनेही नाही. तो तपासून द्यायचा असतो. आत्याचा निर्णय लाजेने दिला, माझा भीतीने.

परवा माझी मुलगी स्वयंपाकघरात भाजी निवडताना सहज म्हणाली, “आई, दोन-तीन दिवस खाज येतेय. औषध घ्यावं लागेल का गं?” तिचे वडील बाहेरच्या खोलीतच होते. तिने आवाज लहान केला नाही. मी म्हटले, “दाखवून येऊ. कदाचित नाहीसुद्धा लागणार.” गच्चीवर दोरीवरचे तिचे सगळे कपडे उन्हात वाळत होते.