उत्तर आले नाही, म्हणजे नेमके काय?

२२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने कळवले, की विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्यांच्याकडून अद्याप संकेत मिळालेला नाही. चंद्रावरची दीर्घ रात्र नुकतीच सरली होती. ‘यंत्रे निकामी झाली’ असे त्या निवेदनात नव्हते. ‘संकेत मिळालेला नाही’ एवढेच होते. हा संयम मला फार आवडला होता. त्याच आठवड्यात मी स्वतः मात्र तो पाळू शकले नाही. ती हकीकत विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे.

हिमाचलमधील एका डोंगरावर आमचे लहानसे निरीक्षण केंद्र आहे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे म्युऑन तेथे मोजले जातात आणि दिवसभराची मोजणी रात्री ब्रॉडबँडवरून संस्थेकडे जाते. पावसाळ्याच्या अखेरीस वीज पडली, सेवा देणाऱ्या कंपनीच्या लाइनमनने भिंतीवरचा बॉक्स बदलला आणि तेव्हापासून जोडणी लागेना. माझ्याकडे हातात मावणारा नेटवर्क टेस्टर होता. तो मी बॉक्सला जोडला. दिवा हिरवा झाला. पडद्यावर मात्र ‘पीपीपीओई सर्व्हर सापडला नाही’ अशी ओळ आली. तीन वेळा केले, तीनही वेळा तेच.

लाइनमन पावसात दोनदा डोंगर चढून आला. दोन्ही वेळा म्हणाला, “मॅडम, लाइन ठीक आहे. आमच्याकडून सगळं चालू आहे.” मी टेस्टरचा पडदा त्याच्यासमोर धरला. त्याच्याकडे शब्द होते, माझ्याकडे मापन होते. त्याच संध्याकाळी मी कंपनीला पत्र धाडले : सर्व्हर बंद आहे, आणि आपला कर्मचारी ते मान्य करत नाही.

पीपीपीओई म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. आपल्या घरच्या ब्रॉडबँडला वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लागतो, त्यामागे पुष्कळदा हीच पद्धत असते. १९९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव-पासवर्डाच्या आधी सर्व्हर शोधण्याचा टप्पा येतो आणि त्यात चार संदेश असतात. ग्राहकाचे यंत्र प्रथम ‘कोणी आहे का?’ अशी हाक सर्वांना उद्देशून देते, हा पीएडीआय. सर्व्हर ‘मी आहे’ असे त्या एकाच यंत्राला कळवतो, हा पीएडीओ. मग यंत्र त्या सर्व्हरकडे रीतसर मागणी करते, तो पीएडीआर. आणि सर्व्हर सत्र-क्रमांक देतो, तो पीएडीएस. पहिल्या हाकेला उत्तर आले नाही, तर प्रतीक्षेचा काळ दुप्पट करून पुन्हा हाक द्यावी, असा संकेत आहे.

या हाकेत ‘सेवेचे नाव’ असा एक रकाना असावाच लागतो. तो रिकामा ठेवला, तर ‘कोणतीही सेवा चालेल’ असा अर्थ होतो. त्यात नाव लिहिले आणि ती सेवा सर्व्हरकडे नसेल, तर नियम सांगतो, की सर्व्हरने उत्तर देऊच नये. नकार कळवण्याची सोय या पायरीवर नाही. म्हणजे मेलेला सर्व्हर आणि नियम पाळणारा जिवंत सर्व्हर, टेस्टरच्या पडद्यावर दोघेही सारखेच दिसतात.

पत्र गेल्यानंतर माझ्या विद्यार्थिनीने हळूच विचारले, “मॅडम, हा टेस्टर उत्तर ऐकू शकतो, हे आपण तपासलंय का?”

मी गप्प झाले. आमच्या डिटेक्टरला आम्ही रोज एका एलईडीचा ज्ञात प्रकाशस्पंद देतो. तो स्पंद नोंदला गेला, तरच त्या रात्रीची शून्य मोजणी शून्य मानायची, हा धडा याच मुलीला मी शिकवला होता. टेस्टरला मात्र मी असा कोणताही स्पंद दिला नव्हता.

आम्ही लॅपटॉपवर आमचाच पीपीपीओई सर्व्हर सुरू केला. राउटर जोडला, उत्तर तत्काळ आले. टेस्टर जोडला, पुन्हा तीच ओळ. मग वायरशार्कने तारेवरचे संदेश पाहिले. टेस्टरची हाक लॅपटॉपपर्यंत व्यवस्थित पोचत होती, पण सेवेच्या रकान्यात एक नाव होते. वसंतात प्रयोगशाळेत सराव करताना ते मीच भरले होते आणि जतन केलेल्या प्रोफाइलमध्ये ते तसेच राहिले होते. रकाना रिकामा केला आणि पीएडीओ आला.

टेस्टर पुन्हा भिंतीवरच्या बॉक्सला जोडला. उत्तर नाहीच. पण आता या शांततेला वजन होते. मी लाइनमनला फोन केला. या वेळी ‘लाइन चालू आहे का?’ असे न विचारता मी विचारले, “आमच्या यंत्राचा मॅक पत्ता तुमच्या स्विचवर कोणत्या व्हीलॅनमध्ये दिसतो?” त्याने कार्यालयात पाहायला लावले. कुठेच दिसत नव्हता. मग उलगडा झाला : नव्या बॉक्ससोबत व्हीलॅनचा क्रमांक बदलला होता आणि आता ग्राहकाच्या यंत्राने त्या क्रमांकाची चार बाइटची खूण प्रत्येक चौकटीवर लावूनच पाठवायची होती. ते ना आम्हाला कोणी कळवले होते, ना त्याला. बिनखुणेची आमची हाक बॉक्सच्या दारातच टाकून दिली जात होती. क्रमांक भरला, काही क्षणांत चारही संदेश पूर्ण झाले.

सर्व्हर चालू होता. लाइन ठीक होती. तो माणूस पहिल्यापासून खरे बोलत होता, आणि मी एका न तपासलेल्या मापनाच्या बळावर त्याच्या नोकरीच्या नोंदीत डाग लावायला निघाले होते. दुसऱ्या दिवशी पत्र मागे घेतले आणि चूक कुणाची होती, ते स्पष्ट लिहून दिले. त्याला फोन करून क्षमा मागितली. तो म्हणाला, “मॅडम, मशीनपुढे आमचं कोण ऐकतं?” हे वाक्य अजून सलते.

विक्रमने रेडिओवर पुढेही उत्तर दिले नाही. पण १२ डिसेंबर २०२३ रोजी नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून त्याच्याकडे लेसर स्पंद सोडले आणि विक्रमवरच्या लहानशा परावर्तकाकडून प्रकाश परत आला. त्या परावर्तकाला ना वीज लागते, ना ऊब. रेडिओच्या प्रश्नाला जी शांतता मिळाली, ती प्रकाशाच्या प्रश्नाला मिळाली नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन : वहीत ‘उत्तर नाही’ असे लिहाल, तेव्हा त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी लिहा. आपण नेमके काय विचारले, आणि उत्तर आले असते तर आपल्याला ते ऐकू आले असते, हे कशावरून? हे दोन रकाने भरल्याशिवाय कुणाविरुद्ध पत्र लिहू नका.