ट्रॉलीला चालायचं, टिपरला बंद पडायचं

बासरच्या आठवणी निघाल्या की देऊळ, गोदावरीचा घाट, पोरांचा अक्षराभ्यास, हेच येतं. माझी आठवण जरा ग्रीसची आहे. मी बासरचाच. आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं आणि वीस-पंचवीस वर्षं पोकलेनची वायरिंग बघत आलो. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. पण आता मशीन कुठल्याही कंपनीचं असो, धर्माबादपासून निजामाबादपर्यंत ते पोकलेनच. एक्स्कॅव्हेटर म्हटलं तर मालकसुद्धा आपल्याकडे बघत राहतो.)

गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. तेव्हा आपलं बासर आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, निर्मल जिल्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात झाला. दुष्काळ असा की तिकडे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. इकडे तेलंगणात मिशन काकतीय चालू होतं. गावोगावच्या जुन्या तलावांतला गाळ काढायचा, कट्टा मजबूत करायचा. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने उचलून शेतात टाकायचा. मृगाच्या आत तलाव मोकळा झाला पाहिजे, एवढीच सगळ्यांना घाई. एकदा पाणी साठलं की मशीन आत उतरत नाही, मग ते वर्ष गेलंच.

बासरजवळच्या अशाच एका तलावावर एक वीस टनी पोकलेन होतं. मालक मुधोळ तालुक्यातले, आपलेच मराठी. नातं काही नाही, पण मी मामा म्हणायचो. त्यांचा फोन आला, "अरे, दोनदा सेन्सर बदलला, तरी तोच कोड यायलाय. आन् मला दुसराच संशय यायलाय. तू ये आधी."

संशय ऑपरेटरवर होता. झारखंडचा पोरगा, वय असेल पंचवीस. सकाळी शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरताना मशीन लोण्यासारखं चालायचं. दुपारनंतर ठेकेदाराचे टिपर लागले की थोड्या वेळात मॉनिटरवर कोड, इंजिनाचा आवाज आपोआप खाली, बूम म्हाताऱ्या माणसासारखा उठायचा. चाबी बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक. मामांचा हिशेब सरळ होता. ट्रॉलीवाले ह्याला भाकरी देतात, शंभर-दोनशे हातावर ठेवतात. टिपरवाला काही देत नाही. म्हणून हा मुद्दाम कपलर काढतो. त्यांनी त्याचा महिन्याचा पगार धरून ठेवला होता आणि दोन्ही सेन्सरचे पैसे, वीसेक हजार, त्यातूनच कापायचं ठरवलं होतं. घरी पैसे पाठवायचे राहिले म्हणून पोरगा दोन दिवस नीट जेवलाही नव्हता, असं हेल्पर म्हणाला.

आता थोडं यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात. एकीतून कंट्रोलर ५ व्होल्ट देतो, एक अर्थ, आणि तिसरीतून सेन्सर उत्तर देतो. बहुतेक सेन्सरांत प्रेशर शून्य असलं तर उत्तर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण असलं तर साडेचार. शून्याला शून्यच का नाही? कारण मग वायर तुटली की प्रेशर नाही, हे कंट्रोलरला ओळखता आलं नसतं. उत्तर ह्या दोन टोकांच्या बाहेर गेलं की तो समजतो, गडबड विजेची आहे, आणि कोड टाकतो. पण कोड नाव घेतो ते सेन्सरचं. सेन्सर, कपलर, वायर, पुरवठा, अर्थ, ह्यांतलं नक्की काय बिघडलं ते सांगत नाही. गंमत बघा, भर मे महिन्यात एका मशीनवर इंजिनाच्या पाण्याचं तापमान उणे ४० दिसत होतं. त्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो. वायर तुटली म्हणजे रेझिस्टन्स अमर्याद, म्हणून कंट्रोलरला वाटलं आपण हिमालयात आहोत! लोक कोड वाचतात, दुकानात जातात, सेन्सर आणतात. दुकानदार कशाला नको म्हणेल?

मी मीटर काढायच्या आधी पोराला विचारलं, कधी येतो रे कोड? तो मामांकडे बघून गप्प. मामांना मी चहा सांगायला पाठवलं. मग बोलला, "साब, ट्रॉली में नहीं आता. टिपर में आता है, जब बूम पूरा ऊपर जाता है." तीन आठवडे हे त्याला माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ट्रॉली बसकी, टिपर उंच. टिपर भरायला बूम बराच वर न्यावा लागतो.

मग मॉनिटरमधले जुने कोड उघडले. बदललेला सेन्सर पुढच्या पंपाचा होता, कारण यादीत त्याचा कोड पहिला. पण खाली आणखी दोन होते, मागच्या पंपाचा आणि बूमच्या सिलिंडरवरच्या प्रेशर सेन्सरचा. तिन्हींची तासांची नोंद एकच. तीन सेन्सर एका क्षणाला मरत नाहीत. तिघांत सामाईक काय? तो ५ व्होल्टचा पुरवठा.

पुढच्या पंपाच्या सेन्सरच्या कपलरमध्ये मागून बारीक सुई घालून मीटर लावला. बूम खाली, ५.०. पोराला म्हटलं, हळूहळू वर घे. टिपरच्या फाळक्याइतका वर आला आणि आकडा धाडकन एका व्होल्टाच्या खाली. खाली घेतला, परत ५. म्हणजे ती वायर कुठेतरी बॉडीला टेकत होती आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला पुरवठा पाडत होता. बूमच्या बुडाशी एक मधला कपलर असतो, तो सोडला आणि पुन्हा बूम वर घ्यायला लावला. आता ५ जागचे हलले नाहीत. दोष त्या कपलरच्या पुढे, बूमवरच्या वायरिंगमध्ये. मग वर चढून बोटांनी चाचपत गेलो. उन्हात पत्रा असा तापलेला की चड्डीतून चटका बसत होता. हातभर अंतरावर सापडलं. होसशेजारचा एक क्लॅम्प गायब, वायरिंग लोंबून ब्रॅकेटच्या धारेवर घासलेली, आणि आत तांबं नखाएवढं उघडं.

वायर लगेच दुरुस्त केली नाही. मामांना आधी मीटरसमोर उभं केलं. बूम वर, आकडा पडला. बूम खाली, आकडा आला. तीनदा दाखवलं. मग त्यांना वर चढवून तो क्लॅम्पचा रिकामा बोल्टहोल दाखवला आणि विचारलं, "मामा, हा होस कधी बदलला?"

"जानेवारीत. भैंशाच्या साइटवर."

"आन् हे पोरगं कवा आलंय तुमच्याकडं?"

मामा बराच वेळ तलावाकडे बघत राहिले. पोरगा मार्चमध्ये आला होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. वायर जोडून डाख दिला, वर स्लीव्ह, जाड कव्हर आणि नवा क्लॅम्प. क्लॅम्पची किंमत सांगायलाही लाज वाटेल. त्याच दुपारी टिपर भरले, कोड आला नाही. जुने कोड पुसले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येऊन पाहिलं, यादी कोरी होती.

पगार मामांनी त्याच संध्याकाळी दिला, पूर्ण. माफी वगैरे काही नाही. आपल्याकडच्या मालकांना ते जमत नाही. "मोज बरं," एवढंच म्हणाले. पोराने न मोजता खिशात घातले. मला वाटलं होतं रात्रीच जाईल. पण तो मृगापर्यंत थांबला, तलाव पुरा करून दिला, आणि पहिला पाऊस पडल्यावर बासर स्टेशनवरून गाडीत बसला. मामांनी पुढच्या हंगामाला दोनदा फोन लावला, तो आला नाही.

काढून टाकलेले सेन्सर मी तपासून बघितले. चांगले होते. मामा म्हणाले, तुझ्याकडंच ठेव. त्यातला एक दुसऱ्या वर्षी धर्माबादच्या एका मशीनला बसवला, अजून चालतोय.