परसातले खुराडे

कोकणात घर बांधताना माणूस आधी पावसाचा विचार करतो, मग स्वतःचा. उतरत्या कौलांचे छप्पर, पुढे काढलेली वळचण, उंच जोते, पश्चिमेच्या अंगाला बांधलेली झावळ्यांची झापे, या सर्वांमागे एकच धास्ती असते. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि तो केवळ वरून पडत नाही, समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. या आडव्या पावसाला येथील माणसे झड म्हणतात. मे महिना संपत आला की झडीपासून घर वाचवण्याची धावपळ सुरू होते. त्याच घराच्या मागे, परसात, आणखी एक लहानसे घर उभे असते. उंची माणसाच्या कमरेइतकी. आत आठदहा कोंबड्या आणि एक तोऱ्यात वावरणारा कोंबडा. हेच खुराडे. घर शाकारणाऱ्या घरधन्याचे त्याच्याकडे लक्ष जातेच असे नाही. त्याची काळजी बहुधा घरातल्या बाईला असते, कारण अंड्यांचे पैसे तिच्या हातात येतात.

हे पैसे फार नसतात; पण ते तिचे असतात. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि येण्यापूर्वीच त्यांना वाटा फुटलेल्या असतात. अंड्यांच्या पैशांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. मुलाची वही, अंगदुखीचे औषध, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, भाचीच्या बारशाची कुंची, असे कितीतरी खर्च त्यातून कोणाला न विचारता होतात. म्हणूनच एखाद्या पावसाळ्यात खुराडे रिकामे झाले, तर केवळ कोंबड्या जात नाहीत. कोणापुढे हात न पसरण्याची तिची मोकळीकही जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत अशाच एका घरी सासू आणि सून दोघी मिळून खुराडे सांभाळतात. सून घाटावरून आलेली. तिच्या माहेरी कोंबड्यांना भीती उन्हाची. तेथे वैशाखात छपरावर पाचट टाकायचे आणि पाण्याचे भांडे सावलीत ठेवायचे, एवढे केले की भागत असे. येथला पहिलाच पाऊस पाहून ती घाबरली. तिने बाजारातून प्लॅस्टिकचे जाड कापड आणले आणि खुराडे चारही बाजूंनी घट्ट गुंडाळून टाकले. थेंबही आत जाईना. तिला समाधान वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी सासूने खुराड्याचे दार उघडले, खाली वाकून तोंड आत घातले आणि लगेच मागे घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी आले. दोन कोंबड्यांचे डोळेही पाणावून चिकटले होते.

"आई, एक थेंब आत गेला नाही," सून म्हणाली.

"अगो, पाणी बाहेरून येत नाही तेव्हा ते आतूनच होते," सासू म्हणाली आणि सुतळ्या कापू लागली.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून सतत ओल बाहेर पडते. तिला जाण्यास वाट नसली की खालचा थर भिजतो, विष्ठा कुजते आणि तिच्यातून अमोनिया वायू निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, श्वसनमार्ग दुखावतो आणि रोगांना दार उघडून देतो. उभ्या माणसाला हा वास लवकर कळत नाही. कोंबडीच्या उंचीला नाक नेले तरच कळतो, आणि तेवढे वाकण्याचा कंटाळा केला की कोंबड्या आजारी पडल्यावरच कळतो. थंडीचे भय मात्र आपण उगाच बाळगतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिसांमध्ये अडकलेली हवा ही तिची घोंगडी. पिसे कोरडी असली तर ती गारवा सहज सोसते. भिजली की ती घोंगडीच नाहीशी होते. भिजलेल्या अंगावर वाऱ्याचा झोत बसला, तर मग ती टिकत नाही.

म्हणजे खुराडे बंद करणे सोपे, ते कोठे उघडे ठेवावे हे समजणे कठीण. सासूचे खुराडे घराच्या पूर्वेकडच्या भिंतीच्या आडोशाला आहे. पश्चिम आणि दक्षिण बाजूंना जांभ्या चिऱ्याची भिंत, पूर्वेला बारीक जाळी. छपराखाली वीतभर मोकळी फट, आणि त्या फटीवर हातभर पुढे आलेली वळचण. कोंबड्या बांबूच्या दांडीवर बसतात, तेव्हा ती फट त्यांच्या डोक्यावर राहते. ओली हवा वरच्या वर निघून जाते. वारा अंगावर येत नाही. छप्पर पत्र्याचे आहे. उन्हात तापणारा आणि पावसात ताशासारखा वाजणारा पत्रा कोंबड्यांना मुळीच मानवत नाही, म्हणून त्यावर झापे घातलेली आहेत. पत्रा तारेने चार खुंट्यांना ताणून बांधला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा मोठमोठ्या घरांची छपरे उडाली. खुराड्याच्या पत्र्याची काय कथा!

छपराची निगा सर्वांना सुचते. फसवते ती जमीन. आषाढात जांभ्याची जमीन इतके पाणी पिते की पुढे ती पाझरू लागते. त्यासाठी खुराड्याला हातभर उंच जोते आणि भोवती पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा चर लागतो. आत भाताच्या तुसाचा चार बोटे जाड थर असतो. सासू तो दोनतीन दिवसांनी खालीवर करते, मूठभर तूस हातात घेऊन दाबते आणि मूठ उघडते. तूस मोकळे पसरले तर ठीक. त्याचा गोळा राहिला तर तेवढा भाग काढून नवे तूस घालायचे. हे काम कोणी वाखाणत नाही, पण पिलांना होणारी रक्ती हगवण ओलीतच बळावते. मानमोडीची गोष्ट वेगळी. उत्तराखंडातील राणीखेत या गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग कोरड्या खुराड्यातही येतो. त्याला लस हाच उपाय, आणि ती आधीच द्यायला हवी.

त्याच पावसाळ्यात मृग नक्षत्राच्या अखेरीस एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणे थांबवून ती रिकाम्या जागेवरच पिसे फुलवून बसू लागली. सासूचे मत स्पष्ट होते : पावसाळ्यात कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही. अंडी उबण्यास २१ दिवस लागतात. म्हणजे पिले बाहेर येणार ती पुनर्वसू नक्षत्रात, तरण्या पावसाच्या तोंडी. अंगावर नुसती लव असलेले पिलू एकदा भिजले की वाचत नाही. पण सुनेच्या आजारी कोंबड्यांपैकी एक दगावली होती, आणि तिला ती उणीव भरून काढायची होती. ती काही बोलली नाही. रोज त्या कोंबडीपुढे दाणे टाकून उभी राहत असे.

तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "बसव. पण खुराड्यात नको."

पडवीच्या कोपऱ्यात, चुलीच्या भिंतीला लागून, जुन्या टोपलीत पेंढा घालून अकरा अंडी ठेवली गेली. टोपलीखाली दोन विटा. रात्री मुंगूस येऊ नये म्हणून वर डालगे, डालग्यावर पाटा. सून पहाटे उठून आधी तेथे जाई आणि मग चूल पेटवी. पुनर्वसूच्या तिसऱ्या दिवशी, बाहेर पाऊस असा कोसळत होता की बोललेले ऐकू येत नव्हते, तेव्हा तिने डालगे उचलले. तांबडीच्या पंखाखालून एक ओलसर पिवळे डोके बाहेर आले. दुपारपर्यंत आठ झाली. तीन अंडी तशीच राहिली.

सासूने चुलीजवळचे पोते झटकून पडवीत पसरले, त्यावर कोरडे तूस घातले, आणि सवयीने एक मूठ उचलून दाबून पाहिली.