चौकटीच्या कडेने गेलेल्या गाड्या

जुन्या कृष्णधवल चित्रपटात मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी दोघे उभे असतात, वारा पदराशी खेळत असतो, आणि त्यांच्यामागून एक गाडी जाते. दोन सेकंदांत ती दिसेनाशी होते. कॅमेरा तिच्यासाठी लावलेला नसतो, तिच्या चालकाचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, कथेचे तिच्यावाचून काही अडत नाही. तरीही मला ही बिनकामाची गाडी फार मोलाची वाटते. नायकाची गाडी कुणीतरी विचार करून निवडलेली असते. मागून जाणारी गाडी कुणीच निवडलेली नसते. म्हणूनच शहराबद्दलची तिची साक्ष अधिक भरवशाची. अशा गाड्या ओळखणे आणि त्यांची नोंद ठेवणे ही मी शहराच्या इतिहासाचीच सेवा मानतो.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथसारख्या अमेरिकी गाड्या आणि मग फियाट बाहेर पडू लागल्या. पुढे सरकारचे धोरण ठरले, की ज्यांना देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करायचे आहे त्यांनीच इथे राहावे. १९५४मध्ये शिवडीची जुळणी थांबली. आयातीचे दार जवळजवळ बंद झाले. हा सगळा इतिहास अहवालांत आहेच, पण तो डोळ्यांनी पाहायचा तर चित्रपट पाहावेत. गुरुदत्त यांच्या ‘आर पार’मधला (१९५४) काळू टॅक्सी चालवतो, गॅरेजात वावरतो, त्याच्या काळच्या रस्त्यावर देशोदेशीच्या घडणीच्या गाड्यांची सरमिसळ आहे. मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये (१९७८) फारुख शेखचा टॅक्सीवाला याच शहरात येतो, तेव्हा भोवती फियाटच फियाट, त्यांच्यात मधूनच एखादी अ‍ॅम्बेसेडर. दोन टॅक्सीवाल्यांमध्ये चोवीस वर्षे गेली आणि रस्त्यावरचे आकार मोजकेच उरले. एका आर्थिक धोरणाचे असे चित्र काढावे, हे दोन्ही दिग्दर्शकांच्या मनातही नसेल. ते निघाले ते मागच्या गाड्यांमुळे.

ओळख पटवण्याचे काम मात्र वरवर दिसते तितके सोपे नाही, आणि त्याचे शास्त्र आपल्या भूमीत वेगळे आहे. अमेरिकी गाड्यांचा चेहरामोहरा दरवर्षी बदलत असे. १९५९च्या इम्पालाचे मागचे दिवे पंखांखाली ताणलेल्या डोळ्यांसारखे. १९६०मध्ये तिथे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे आले. नुसत्या दिव्यावरून साल सांगता येते. आपल्याकडे असे साल हाती लागत नाही. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका इंग्लंडमध्ये १९५९ला संपली. तीच काया अ‍ॅम्बेसेडर म्हणून उत्तरपाड्यात २०१४पर्यंत घडत राहिली. तेव्हा आकाराने फसायचे नाही, पुढची जाळी पाहायची: बारीक चौकड्यांची जाळी १९६३च्या मार्क टूने आणली. फियाटचेही तसेच. गोलसर बॉनेटची ‘डुक्कर’ फियाट वेगळी आणि पुढे पद्मिनी नावाने टॅक्सी झालेली चौकोनी अंगाची वेगळी. शिवाय या विद्येचा एक कडक नियम आहे. दृश्याचा काळ ठरवते ती त्यातली सर्वांत नवी गाडी. जुनी गाडी काहीच ठरवत नाही, कारण आपल्याकडे गाडी तीस-तीस वर्षे रस्त्यावर असे. १९८९नंतरच्या पद्धतीची, एमएचपुढे दोन अंकांची पाटी एखाद्या जुन्या फियाटवर दिसली, की फियाट कितीही म्हातारी असो, ते दृश्य त्याआधीचे असूच शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की चित्रपट हा मुळातच बनाव. पाट्या खोट्या लावतात, गाड्यांना रंग फासतात, जुन्या काळाच्या कथेत नंतरच्या गाड्या घुसतात. ‘आराधना’मध्ये (१९६९) जीप दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीच्या कडेने धावते, पण खिडकीतल्या शर्मिला टागोर यांचे चित्रण स्टुडिओत, मागच्या पडद्यावर दृश्य पाडून झाले होते. आक्षेप खरा आहे, आणि त्यातूनच नोंदीची शिस्त जन्माला येते. नोंद चित्रपटागणिक नव्हे, दृश्यागणिक व्हायला हवी. कथेचा काळ आणि चित्रीकरणाचा काळ वेगळे लिहायला हवेत. एवढे पाळले की बनावसुद्धा बोलू लागतो. ‘बुलिट’च्या (१९६८) प्रसिद्ध पाठलागात एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हा पुन्हा मागे पडते, आणि त्यावरूनच कळते की एकच धाव अनेक कोनांतून टिपून जोडलेली आहे. गाडी ओळखणाऱ्याला इथे संकलकाची कात्री दिसते. मागून गेलेल्या गाड्यांचे म्हणाल, तर त्यांच्यावर बनावाचा हात सहसा पोचतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे श्रीमंतांच्या वस्तूंचे कौतुक आहे, आणि कलाकृतीतल्या माणसाकडे पाठ फिरवून लोखंडाकडे पाहणे आहे. बाजार या आक्षेपाला बळ देतो. ‘बुलिट’मधली मस्टँग जानेवारी २०२०मध्ये ३७ लाख डॉलरला विकली गेली, तिथे चासी क्रमांकाची पडताळणी म्हणजे किमतीची हमी. पण कडेने गेलेल्या टॅक्सीला, लॉरीला, बेस्टच्या बसला असा लिलाव कधीच लाभणार नाही. त्यांची नोंद करणाऱ्याला ज्ञानाखेरीज काही मिळायचे नाही. आणि लोखंडाकडे पाहिल्याने माणूस दूर जातो, हे मला मान्य नाही. ऋत्विक घटक यांच्या ‘अजांत्रिक’मध्ये (१९५८) बिमल आपल्या जगद्दल नावाच्या खिळखिळ्या शेव्हरोलेवर जीव टाकतो. ती किती जुनी आहे आणि त्या वर्षांत नवी गाडी मिळणे किती दुरापास्त होते, हे ठाऊक असले की त्याचा जिव्हाळा नुसता विक्षिप्तपणा राहत नाही. जिच्यावर पोट आहे आणि जिला पर्याय नाही, तिच्याशी जडलेले ते नाते आहे. गाडीची ओळख पटली आणि माणूसच अधिक उमगला.

म्हणून नोंद कशी असावी, याचा आग्रह धरला पाहिजे. चित्रपट, दृश्याचे मिनिट, जागा, गाडीची घडण, आणि ज्या खुणेवरून ओळखली ती खूण. शिवाय ओळख पक्की आहे, संभाव्य आहे की केवळ अंदाज, हेही. अंदाज अंदाज म्हणून लिहिला तर पुढचा माणूस तो सुधारू शकतो. खात्री म्हणून लिहिला तर ती चूक पिढ्यानपिढ्या चालते. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्यासारख्या संग्रहांतील चित्रफितींना अशा नोंदींची जोड मिळाली, तर नगररचनेच्या, वाहतुकीच्या, श्रमाच्या अभ्यासकांसाठी एक नवे दालन उघडेल. घाई करायला हवी, कारण पुरावा फितीत असला तरी तो वाचणारे डोळे गॅरेजांत आहेत. मुंबईतल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. अर्ध्या मडगार्डवरून, दाराच्या बिजागरीवरून गाडीचे नाव सांगणारे मिस्त्री आणि टॅक्सीचालक आज वृद्ध आहेत. त्यांना पडद्यासमोर बसवून विचारले पाहिजे, आणि त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक नोंदीखाली, अभ्यासकाच्या नावाआधी, त्यांचे नाव लागले पाहिजे.