वाख आणि प्लास्टिक

८ जुलै
मराठवाड्यातून केकताडाचा वाख आला. कुजवून, आपटून, धुऊन काढलेला. पिवळसर पांढरा, हाताला जरा मेणचट. याच वाखाचे मोटेचे नाडे, दावी, कासरे वळले जायचे. एवढा चिवट धागा पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकमध्ये घातला की वाया जातो. अशा मिश्रणाची जुनी मोडकी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिली. एका बाजूला उपटून आलेले गुळगुळीत धागे, समोरच्या बाजूला त्यांची रिकामी भोकं. धाग्यावर प्लास्टिकचा कणही नाही. म्हणजे धागा तुटलेलाच नाही, निसटला आहे.

९ जुलै
दिवसभर पाऊस. वाख ८० अंशांवर ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. सेल्युलोजवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलिनला पाण्याचं वावडं. दोघांचं जमत नाही ते इथेच. शिवाय धाग्यात ओल राहिली तर वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तिची वाफ होते आणि पट्टीत पोकळ्या पडतात. पावसाळ्यात हे काम करणाऱ्याने ओव्हनचं दार उगाच उघडू नये.

११ जुलै
५ टक्के कॉस्टिक सोड्यात वाख भिजवला. थोड्या वेळात पाणी चहासारखं झालं: मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन सुटून आलं. जॉन मर्सरने १८५० मध्ये पेटंट घेतलं ते सुती कापडावरच्या अशाच, पण बऱ्याच कडक सोड्याच्या प्रक्रियेचं. नंतर सौम्य ॲसेटिक आम्लाने धुऊन वाळवलं. जाड धाग्याच्या बारीक काड्या सुटल्या, बोटाला खरखर लागली. सोडा याहून कडक करायचा मोह आवरायलाच हवा, नाहीतर सेल्युलोजच खचतं आणि मग घट्ट धरून ठेवायला चिवट धागाच उरत नाही.

१२ जुलै
खरखरीत पृष्ठभागाने पकड वाढते, पण रासायनिक बंध तयार होत नाही. त्यासाठी मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलिन, तेही मोजकंच, मिश्रणात घातलं. त्याचा ॲनहायड्राइड गट वाखाच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध करतो आणि लांब साखळी भोवतालच्या प्लास्टिकच्या साखळ्यांत गुंतते. मला या सगळ्या विषयात हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते. तापमान १८० अंशांच्या आसपास ठेवलं. पॉलिप्रॉपिलिन १६५ च्या सुमाराला वितळतं, आणि २०० च्या पुढे वाख करपू लागतो. एवढ्याच फटीत सगळं बसवायचं.

१५ जुलै
पट्ट्या ओढून तोडल्या. धागे तुटलेल्या पृष्ठभागालगतच तुटलेत, अंगाला प्लास्टिक चिकटलेलं. फार आनंद झाला.

१६ जुलै
आज हातोड्याच्या आघाताची चाचणी. घट्ट बंधाच्या पट्ट्या कडकन मोडल्या. उपटून येताना धागा घर्षणात ऊर्जा जिरवतो. तो निसटेनासा झाला की ती वाटही बंद होते. मोटारीच्या दाराच्या आतल्या पॅनेलला धक्का सोसायचा असतो, फळीला भार. म्हणून बंध किती घट्ट हवा हे वस्तू ठरल्यावरच ठरवावं, असं माझं मत झालं आहे. पुढच्या खेपेला मॅलेइकचं प्रमाण कमी-जास्त करून पाहायचं, आणि दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या पाण्यात बुडवून वजनं टिपायची.